जुलैचा ताप आणि जिन्याखालचं कबाड

मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे किस्से साठतात. जे बोलतात, त्यांचे सांगून संपतात. आमच्या तरनचंच बघा. शाळेत काही घडलं, की मधल्या सुट्टीपर्यंत तिने ते सगळ्या वर्गाला सांगितलेलं असतं, बसमध्ये पुन्हा एकदा, आणि घरी पोचेपर्यंत तिचं तिलाच शिळं वाटायला लागतं. माझं तसं होत नाही. माझ्याकडे ते बरणीत राहतं. मुरतं.

ही सगळी बरणी आमच्या शाळेच्या जिन्याखाली भरली. तिथे आम्ही मैत्रिणींनी नववीत असताना एक उद्योग सुरू केला होता. शाळेत आम्हाला ‘कबाडी’, म्हणजे भंगारवाल्या, म्हणायचे. आधी चिडवायला म्हणायचे, नंतर हाक मारायला.

आम्ही दिल्लीत, द्वारकेला राहतो. बाबा पुण्याचे, आई ठाण्याची, मी मात्र इथलीच. घराबाहेर पडलं की माझी जीभ आपोआप हिंदीत जाते. इथे मी मराठीत लिहितेय, पण काही वाक्यं होती तशीच ठेवलीत. मराठीत आणली की त्यांची मजा जाते. आईचंही हेच मत पडलं, आणि आईचं मत आमच्या घरी शेवटचं असतं.

*

रुख्सार पहिलीपासून माझ्या शेजारी बसते. आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात काही जागा कमी कमाईच्या घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात. सोडत निघते, नाव लागलं की प्रवेश. रुख्सारचं नाव असंच लागलं, आणि काही वर्षांनी तिच्या धाकट्या बहिणीचं, झोयाचंही लागलं. एका घरात दोनदा नाव लागणं म्हणजे नशीबच. या मुलांना फी माफ असते.

पण थर्माकोल माफ नसतो!

हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. दिल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीचा गृहपाठ हा एक सणच असतो. मे-जूनमध्ये प्रत्येकाने एक मॉडेल करायचं आणि जुलैत शाळा उघडली की त्यांचं प्रदर्शन. म्हणजे मुलांनी करायचं असतं. करतात आईवडील, नाहीतर बाजारातला मॉडेलवाला. दिवे लागतात, मोटारी फिरतात, रॉकेटं उडतात. प्रदर्शनाच्या दिवशी आईवडील कपडे इस्त्री करून येतात आणि एकमेकांची मॉडेलं डोळे बारीक करून बघतात.

रुख्सारला दर वर्षी नेमका त्या दिवशी ताप यायचा.

पहिली दोन-तीन वर्षं मला तो खरा वाटला. चौथीत असताना मी प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आईला सहज म्हटलं, “आई, उद्या रुख्सारला ताप येणार आहे.”

आई कणीक मळत होती. ती थांबली. “उद्या? अगं, ताप काय रिझर्वेशन करून येतो का?”

 माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा.

*

नववीत मी ते तरनला सांगितलं. तरनप्रीत म्हणजे आमच्या वर्गाची लाउडस्पीकर. तिला गोष्ट सांगणं म्हणजे ती छतावर वाळत घालणं, हे मला माहीत होतं. तरी सांगितलं, कारण त्या वर्षी मला एक नवीन गोष्ट कळली होती. झोया तेव्हा चौथीत होती, आणि मागच्या जुलैत झोयालाही ताप आला होता.

तरन डबा खाता खाता थांबली. “यार, ये तो फैमिली में फैल रहा है!”

“हो.”

“मग औषध काढायला पाहिजे.”

आणि तिने काढलं. तरनचं असं आहे की ती आधी उडी मारते, मग पाणी आहे का ते बघते. ती आमच्या सायन्सच्या मलिक मॅमकडे गेली आणि म्हणाली, “मॅम, ज्यांच्या घरी जुनी मॉडेलं पडलीत त्यांच्याकडून घेऊ, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना देऊ.” मॅमना ते आवडलं. जिन्याखालची जागा मिळाली. आम्ही घरोघरून जुनी मॉडेलं आणली, रंग आणले, तारा आणल्या. आणि सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर तरनने माइक घेऊन सगळ्या शाळेसमोर सांगितलं, “सगळ्या राखीव जागांवरच्या विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत जिन्याखाली यावं. तुमच्यासाठी सामान ठेवलंय!”

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी सामान मांडून बसलो. कोणी आलं नाही. एक मुलगा आला, त्याने विचारलं, “खायला काय आहे?” आणि गेला.

दुसऱ्या दिवशीही कोणी नाही. तिसऱ्या दिवशी रुख्सार आली. तिने काही घेतलं नाही. नुसती उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, “तरन, तूने जैसे बुलाया ना, उससे तो बुखार अच्छा.”

मी गप्प बसले तर कोणाला कळत नाही. तरन गप्प बसली की शाळेला कळतं. त्या दिवशी सगळे येऊन मला विचारत होते, “तरनला काय झालंय?”

*

ज्या गोष्टीबद्दल मला रुख्सारचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ती यानंतरची. ती आमच्याशी बोलणं सोडू शकली असती. मी तिच्या जागी असते तर सोडलं असतं. पण शुक्रवारी तीच आमच्याकडे आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, “बुलाना है तो सबको बुलाओ. नहीं तो किसी को नहीं.”

तिचं म्हणणं सोपं होतं. या वर्षी कोणीच नवीन काही आणायचं नाही. सगळ्यांनी घरातलं जुनं मॉडेल जिन्याखालच्या ढिगात टाकायचं, सगळ्यांनी ढिगातूनच घ्यायचं, आणि मॉडेल घरी नाही, शाळेतच करायचं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, शेवटच्या तासाला. कोणाचं काय आणि कोणी काय नेलं, हे कुठे लिहायचं नाही.

“आणि सुट्टीत काय करायचं?” तरनने विचारलं.

“सोचो!” रुख्सार म्हणाली. “सोचने का सामान सबके घर में है.”

मलिक मॅम आम्हा तिघींना प्रिन्सिपल मॅमकडे घेऊन गेल्या. प्रिन्सिपल मॅम चष्म्यावरून बघतात, म्हणजे दोनदा बघितल्यासारखं वाटतं. तरन म्हणाली, “मॅम, ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ आपण दर वर्षी म्हणतो. या वर्षी करून बघू या?”

प्रिन्सिपल मॅमनी आम्हा तिघींकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, “पाचवी ते नववी. एक वर्ष. पण पालक येतात, बाहेरचे पाहुणे येतात. हॉल भंगारवाल्याच्या गाडीसारखा दिसला, तर पुढच्या वर्षीपासून सगळं पहिल्यासारखं.”

बाहेर आल्यावर तरनने उड्या मारल्या. मी नाही मारल्या. पहिल्यासारखं म्हणजे काय, ते रुख्सारला आणि मला माहीत होतं. आणि येत्या एप्रिलमध्ये आम्ही दहावीत जाणार होतो आणि झोया पाचवीत.

*

शाळेची सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि ग्रुप पेटला. आई पोळ्या करता करता वाचून दाखवत होती.

पहिल्या आंटी: “कबाड कहाँ से लेना है? कोई अच्छी शॉप सजेस्ट करें.”

दुसऱ्या आंटी: “ऑनलाइन मिल रहा है क्या?”

एक अंकल: “क्वालिटी देख के लेना. बच्चों का मामला है.”

आईला इतकं हसू आलं की तव्यावरची पोळी जळली. ती म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग, जळकी पोळी जपून ठेवा. क्वालिटी कबाड आहे.”

मला वाटलं गंमत एवढीच. पण चार-पाच दिवसांनी मी आईबरोबर सेक्टरच्या मार्केटमध्ये गेले, तर स्टेशनरीच्या दुकानात नवीनच माल लटकत होता. चकचकीत पारदर्शक कागदात बांधलेलं पाकीट. आत पुठ्ठ्याच्या कोऱ्या नळ्या, बाटल्यांची कोरी झाकणं, आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या. वर लिहिलेलं, ‘वेस्ट मटेरियल किट’.

आईने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

दुकानदार पुढे आला. “ले जाइए मैडम. एकदम फ्रेश वेस्ट है. आज ही आया है!”

*

आता बाबांबद्दल.

माझे बाबा गुडगावला आयटी कंपनीत आहेत. शांत माणूस आहे. मी त्यांच्यावरच गेलेय. पण मे महिना आला की त्यांच्यात दुसरंच कोणीतरी शिरायचं. नर्सरीपासून माझी सगळी मॉडेलं त्यांनीच केलीत. माझं काम एकच, प्रदर्शनात त्यांच्या शेजारी उभं राहायचं. दुसरीत मॅमनी मला विचारलं होतं, “बेटा, यह कैसे काम करता है?” मी म्हटलं होतं, “पापा से पूछकर बताती हूँ.” ते अजून घरी ऐकवतात.

सहावीत त्यांनी पवनचक्क्यांचं गाव केलं. टेकडी, घरं, घरांत दिवे आणि मोटारीवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. पहिलं बक्षीस मिळालं. मला! त्यानंतर ते गाव आमच्या कपाटावर आईच्या जुन्या ओढणीखाली राहायला गेलं. दर दिवाळीत बाबा ते खाली उतरवायचे, मऊ ब्रशने पुसायचे, एकदा चालू करून बघायचे आणि परत वर ठेवायचे. आई म्हणायची, “माझी चांदीची भांडी कधी पुसली नाहीत एवढ्या प्रेमाने!”

ते ढिगात द्यायचं, हे मी बाबांना सांगू शकले नाही. आईने सांगितलं.

बाबा म्हणाले, “बरोबर आहे. द्यायलाच पाहिजे.” आणि जेवताना दोनदा उठून कपाटाकडे बघून आले.

शाळेत ते स्वतः घेऊन आले. गाडीत मागच्या सीटवर ठेवलेलं, वर सीटबेल्ट लावलेला. जिन्याखाली तरन सामान घ्यायला उभी होती. बाबा तिला समजावून सांगायला लागले, “इसको राइट साइड से पकड़ना. और यह मोटर है ना, इसका लाल निशान हमेशा ऊपर.” तो लाल ठिपका म्हणजे आईचं नेलपॉलिश. “और धूल से बचाना. और शुरू में थोड़ा अटकता है, तो प्यार से…”

बाबा गाव हातातून सोडेनात. तरनने दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं, “अंकल, कन्यादान है क्या?”

*

अनिकेतदादा परभणीकडचा. आईच्या मावसबहिणीचा मुलगा. इथे दिल्लीतच, मुनिरकाला, एका खोलीत तिघेजण राहतात आणि कलेक्टर व्हायचा अभ्यास करतात. रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. आईला तो मावशी म्हणतो आणि वरण पीत बसतो.

आम्ही त्याला आमच्या उद्योगाबद्दल विचारलं, तर त्याने परीक्षेत लिहितात तसंच उत्तर दिलं. “यात तीन मुद्दे आहेत. एक, समावेशन. दोन, सहभाग. तीन…”

तरन त्या दिवशी आमच्या घरी होती. ती म्हणाली, “भैया, पेचकस चलाना आता है?”

पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. तो त्याला चालवता येत होता. मग दुपारभर आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोळा केलेली मॉडेलं सुटी करत बसलो. मोटारी एकीकडे, तारा एकीकडे, काड्या एकीकडे. थोड्या वेळाने दादाचा आवाजच बंद झाला. बघितलं तर तो कोपऱ्यात पाठ करून बसलेला. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करत होता. दोरा ओढला की मधून उघडणारा.

“दादा, हे आपल्याला सुटं करायचंय,” मी म्हटलं.

“हो हो, झालंच,” तो म्हणाला आणि आणखी एक काडी चिकटवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आमच्या शाळेत मॉडेल म्हणजे सरांनी फळ्यावर काढलेलं चित्र. तेपण पुढच्या तासाला पुसायचे.”

त्याने तो पूल ढिगात टाकला नाही. आम्हीही मागितला नाही. संध्याकाळी तो पूल छातीशी धरून मेट्रोने निघाला. चेकिंगला त्याला थांबवलं.

“यह क्या है?”

“प्रोजेक्ट, सर.”

तपासणाऱ्याने दादाच्या दाढीकडे बघितलं. “किस क्लास में हो?”

दादा म्हणाला, “लेट एडमिशन है, सर!”

*

जुलै आला. शाळा उघडली. ढीग जिन्याखालून बाहेर कॉरिडॉरपर्यंत आला. त्यात ज्वालामुखीच ज्वालामुखी निघाले. प्रत्येक घरात एक तरी ज्वालामुखी होताच. मलिक मॅम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बच्चो, दिल्ली बिल्कुल सेफ है. सारे ज्वालामुखी हमारे पास हैं.”

जिन्याखाली ढिगापाशी कोणी बसायचं, यावर आमच्यात बोलणं झालं. मला वाटलं तरन बसणार. रुख्सार म्हणाली, “नहीं. सई बैठेगी.” सई म्हणजे मी.

“ती? ती तर बोलतच नाही!” तरन म्हणाली.

“इसीलिए तो.”

मग मी बसले. मुलं यायची, ढिगात हात घालायची, हवं ते काढायची आणि माझ्याकडे बघायची. मी फक्त मान हलवायचे. मोठ्या गाडीतून येणारा मुलगा असो की ई-रिक्षातून येणारी मुलगी, मान तेवढीच हलायची. दोन दिवसांत गर्दी एवढी झाली की शिपायांना रांग लावावी लागली. आठवीतला एक मुलगा, ज्याच्या मॉडेलला दर वर्षी बाजारातला कारागीर यायचा, तो माझ्यासमोर कात्री घेऊन उभा राहिला. “दीदी, यह उल्टी है क्या? कट नहीं रहा.” कात्री सरळच होती. तो उलटी धरत होता.

लहानपणापासून सगळे मला सांगत आले, सई, जरा बोलत जा. माझ्या न बोलण्याचा कोणाला तरी उपयोग आहे असं मला कोणी म्हटलं नव्हतं. रुख्सारने म्हटलं. तिला हे माहीत नसेल, पण मी ते जपून ठेवलंय.

*

झोया रोज यायची. ढिगासमोर उकिडवी बसायची, सगळं बघायची, एखादी वस्तू उचलायची, परत ठेवायची आणि रिकाम्या हाताने जायची. सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच. गुरुवारी जाता जाता ती म्हणाली, “दीदी, शनिवारी मला बरं वाटणार नाही बहुतेक.”

शनिवारी प्रदर्शन होतं.

मी रुख्सारला सांगितलं. ती म्हणाली, “मैंने ही सिखाया है उसे.” आणि वहीत डोकं खुपसलं.

शुक्रवारी ढीग जवळजवळ संपला होता. कोपऱ्यात एकच मॉडेल अख्खं राहिलं होतं. बाबांचं पवनचक्क्यांचं गाव. ते इतकं नीटनेटकं होतं की कोणाचा हात लावायचा धीरच झाला नव्हता. झोया त्याच्यासमोर बसली. बराच वेळ बसली. मग तिने वर बघितलं.

“दीदी, यह किसका है?”

आमचा नियमच होता. मी म्हटलं, “किसी का नहीं.”

“तोड़ दूँ?”

मला कपाट दिसलं. ओढणी दिसली. सीटबेल्ट दिसला. मी मान हलवली, सगळ्यांसाठी हलवत होते तेवढीच.

झोयाने पेचकस घेतला आणि पहिल्या फटक्यात टेकडी उपटली!

*

शनिवारी सकाळी मी गेटवर उभी होते. झोयाचं काम शुक्रवारी शेवटच्या तासाला संपलं नव्हतं, म्हणून मलिक मॅमनी तिला सामान तेवढ्यापुरतं घरी नेऊ दिलं होतं. दिल्लीतला जुलै म्हणजे ढग नुसते लटकलेले आणि खाली सगळं उकळत असलेलं. गाड्या येत होत्या, इस्त्रीचे कपडे उतरत होते. तरन दर दोन मिनिटांनी विचारत होती, “आल्या?”

“नाही.”

“आता?”

“नाही, तरन.”

प्रार्थनेची घंटा झाली. मग गेटच्या पलीकडे ई-रिक्षा थांबली. आधी एक मोठा पुठ्ठ्याचा खोका उतरला. खोक्याखाली दोन पाय होते, ते झोयाचे. मागून रुख्सार उतरली. तिचे डोळे लाल होते आणि चालताना ती भिंतीला हात लावत होती.

मलिक मॅम पुढे झाल्या. तिचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. “अरे रुख्सार! तुझे तो सच में बुखार है!”

“हाँ मैम,” रुख्सार म्हणाली, आणि एवढा ताप असताना हसली. “आज पहली बार.”

मॅम तिला घरी पाठवायला निघाल्या, तर ऐकेना. म्हणाली, “मैम, इतने साल झूठे बुखार में घर बैठी. आज सच्चे में तो आने दो!” शेवटी मॅमनी तिला गोळी दिली आणि झोयाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसवलं.

*

झोयाने कूलर केला होता. दिल्लीत ज्यांच्या घरी एसी नसतो त्यांच्या खिडकीत असतो तसा, पण एका खोक्यात मावणारा. तीन बाजूंना कोणाच्या तरी झोपडीच्या मॉडेलचं गवत, खाली कापलेली बाटली, वरून गवतावर पाणी ठिबकायला कोणाच्या तरी ज्वालामुखीची नळी, आणि पुढे पंखा. पंख्याची पाती पवनचक्कीची होती.

मला बाबांची भीती वाटत होती. ते हॉलमध्ये हात मागे बांधून एकेक टेबल बघत येत होते. आई त्यांच्यामागे. झोयाने मोडल्यावर उरलेलं गाव बाकीच्यांनी लगेच वाटून नेलं होतं. कुठे टेकडीचा तुकडा त्यांना किल्ल्यात दिसला, कुठे छोटी घरं पुरात बुडालेली दिसली. ते नुसते पुढच्या टेबलाकडे जात होते.

मग ते कूलरपाशी आले आणि खाली वाकले. मोटारीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. वरच्या बाजूला.

नेमका तेव्हाच पंखा थांबला.

“दीदी!” झोया किंचाळली. रुख्सारने खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. तिकडे प्रिन्सिपल मॅम पाहुण्यांना घेऊन आमच्याच रांगेत वळल्या होत्या. झोयाचा चेहरा मी पाहिला. पुढच्या जुलैत हिला काय होणार ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाबा वाकलेलेच होते. ते म्हणाले, “वायर ढीली है.” आणि दोन बोटांनी तार मोटारीला टेकवली. पंखा फिरायला लागला. बोट काढलं की थांबायचा. टेकवलं की फिरायचा.

झोया म्हणाली, “अंकल, छोड़ना मत.”

बाबांनी सोडलं नाही. ते टेबलाच्या मागे गेले, गुडघे मोडून खाली बसले आणि तार धरून राहिले. आई समोसा घेऊन आली, तर म्हणाले, “मला नको, हात गुंतलाय.” आईने तो त्यांना भरवला. मुलांची ही गर्दी झाली. उकाडाच तसा होता. प्रत्येक जण चेहरा पुढे करून हवा घेऊन जात होता. रुख्सार डोळे मिटून त्या हवेत बसली होती. बाबांच्या शर्टाला इस्त्री होती हे आता कोणाला सांगूनही पटलं नसतं.

शेवटी प्रिन्सिपल मॅम पाहुण्यांसकट आल्या. त्यांनी कूलर बघितला. वाकून हवा घेतली. मग आणखी एकदा घेतली. मग चष्म्यावरून टेबलाच्या मागे बघितलं. तिथे माझे बाबा, घामाने निथळत, हात खोक्यात घालून बसलेले.

“बेटा,” त्यांनी झोयाला विचारलं, “मॉडेल तो बच्चों को खुद बनाना था ना? ये तुम्हारे पापा हैं?”

झोयाने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा पंख्याकडे.

“नहीं मैम,” ती म्हणाली. “ये मॉडल में हैं.”

बाबांनी मान डोलावली. तार सोडली नाही.